तव्यावरची पहिली भाकरी

फराळाचे डबे तळाला लागले, की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : “सुट्टीत कुठं जायचं?” प्रश्न साधा, पण उत्तरं माणसागणिक निराळी. आमच्याकडे चिरंजीवांना किल्ला हवा होता, कन्येला जुनी देवळं आणि नवी खादाडी, सौभाग्यवतींना ‘कुठंही, पण जिथं स्वैपाकघर नसेल असं ठिकाण’, आणि घरचा खजिनदार या नात्यानं मला खिशाला झेपेल असं काहीतरी. पाचवी आमची आई. ती कोपऱ्यात बसून वाती वळत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही काही सांगितलं नव्हतं.

“कोल्हापूर!” मी एकदम म्हणालो. “किल्ला आहे, देवळं आहेत आणि खाण्याबद्दल तर बोलायलाच नको. शिवाय गाव आपल्या ओळखीचं. १९८१ च्या दिवाळीत नानांबरोबर पाच दिवस होतो की नाही आपण? आई, तुला आठवतो ना पन्हाळा?”

आईनं वळलेली वात डबीत ठेवली. “मी कुठं पाहिला पन्हाळा? तुम्ही सगळे वर गेलात तेव्हा मी खाली गावात, धर्मशाळेत होते. परत आल्यावर जेवायला नको का? वांग्याचं भरीत केलं होतं त्या दिवशी.”

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. पावसाळ्यात पाऊस पडतो, हे सांगावं तशी बोलली. गप्प झालो तो मीच. मग हळूहळू एकेक आठवू लागलं. नानांच्या सहलीचं सामान म्हणजे एक वळकटी, दोन ट्रंका आणि एक वातीचा स्टोव्ह. ‘बाहेरचं खाल्लं की पोट बिघडतं आणि पैसेही जातात’ हे त्यांचं सूत्र. आणि त्यांचा पगार पाहता त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण पंढरपूर म्हणू नका, महाबळेश्वर म्हणू नका, जिथं जिथं आम्ही गेलो तिथं आईनं दोनच प्रेक्षणीय स्थळं पाहिली : रॉकेलचं दुकान आणि पाण्याचा नळ.

बेत त्याच रात्री पक्का झाला. नाताळच्या सुट्टीत चार दिवस कोल्हापूर, आणि सहलीचा नियम एकच : आईच्या आणि सौ.च्या हाताला तवा लागता कामा नये.

मुंबईहून कोल्हापूरला जायला महालक्ष्मी एक्स्प्रेससारखी सोय नाही. रात्री गाडीत अंग टाकावं आणि सकाळी चहाच्या वेळेला छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरावं. आम्ही ठाण्याला चढलो. कल्याण मागं पडतं न पडतं तोच आईच्या पिशवीतून दशम्यांचा डबा आणि लसणीची चटणी बाहेर आली.

“आजी, नियम!” चिरंजीव ओरडले.

“नियम कोल्हापुरात लागू. ही आगगाडी आहे,” आई म्हणाली, आणि सगळ्यांच्या हातावर एकेक दशमी ठेवली. नियमावर बोलणारं तोंड त्या दशमीनंच बंद झालं.

सकाळी देवळाजवळच्या एका साध्या लॉजवर सामान टाकलं आणि रिक्षा करून उद्यमनगरात मिसळ खायला गेलो. कोल्हापुरात पहिलं दर्शन अंबाबाईचं घ्यावं की मिसळीचं, यावर दोन पक्ष आहेत. आम्ही उपाशीपोटी असल्यामुळे दुसऱ्या पक्षात होतो. मोड आलेल्या मटकीची उसळ, त्यावर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर आणि मग तो लालभडक ‘कट’. बरोबर मुंबईसारखा गोल पाव येत नाही. कापलेले स्लाइस येतात. कट संपला की पोऱ्या न मागता पुन्हा ओततो. या रंगाचं मूळ कांदा-लसणाच्या चटणीत आहे. इथं चटणी म्हणजे पानात डावीकडे वाढायचा पदार्थ नव्हे. मिरची, कांदा, लसूण, खोबरं आणि मसाले एकत्र कुटून वर्षभरासाठी भरून ठेवलेलं तिखट. कोल्हापूरकराच्या घरात मीठ संपलं तर शेजारून आणतात. चटणी संपली तर घरात सुतक पडल्यासारखं वाटतं, असं म्हणायला हरकत नाही.

आईनं मिसळ खाल्ली, डोळे पुसले, नाक पुसलं, पाणी प्यायली आणि बिलाकडे नजर टाकून म्हणाली, “एवढ्या पैशांत मी पंधरा माणसांना उसळ करून घातली असती.”

“म्हणूनच तुला आणली इथं,” मी म्हणालो. पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

तिथून अंबाबाई. देऊळ गावाच्या ऐन मध्यावर आहे, आणि महाद्वारातून आत शिरताना दोन्ही बाजूंना साड्या, ओटीचं सामान, साज आणि कोल्हापुरी चपला यांचा बाजार आपल्याला सोबत करतो. देवीची मूर्ती काळ्या पाषाणाची आणि पश्चिमाभिमुख. त्यामुळे वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरतात आणि थेट गाभाऱ्यात पोचतात. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसेच ९, १० आणि ११ नोव्हेंबर हे किरणोत्सवाचे दिवस. पहिल्या दिवशी किरण चरणांवर येतात, दुसऱ्या दिवशी वर सरकतात आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात, अशी रीत. हवेत धूळ किंवा आभाळात ढग आला की खेळ अर्ध्यावर राहतो. पण त्या चार मिनिटांसाठी लोक तासन् तास उभे असतात. दिवाळीच्या सुट्टीचा बेत करणाऱ्यांनी नोव्हेंबरच्या या तारखा ध्यानात ठेवाव्यात.

देवळाजवळच भवानी मंडप, म्हणजे छत्रपतींचा जुना राजवाडा. आणि तिथून चार पावलांवर खासबागेचं कुस्तीचं मैदान. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले होते. तिकडून येताना बाकीचे संस्थानिक काय काय घेऊन आले कुणास ठाऊक. शाहू महाराजांनी रोमचं जुनं प्रेक्षागृह पाहिलं आणि आपल्या पैलवानांसाठी तसं गोल मैदान बांधायचं मनात घेतलं, असं सांगतात. १९१२ मध्ये ते उभं राहिलं. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक. शेवटच्या रांगेतल्या फाटक्या माणसालाही डाव दिसला पाहिजे, ही त्यातली मेख. ज्या राजानं १९०२ मध्येच आपल्या संस्थानात मागासलेल्या समाजांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, त्याच्या मैदानात मागच्या रांगेचा विचार झाला नसता तरच नवल.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. हेही महाराजांनीच बांधलं. १९१५ मध्ये ते ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभं राहिलं आणि पुढं कोल्हापूरच्याच या गायक नटाचं नाव त्याला मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्याला आग लागली तेव्हा सारं शहर हळहळलं होतं. आई तिथं क्षणभर थांबली. नानांना नाट्यसंगीताचं वेड होतं. “इथं हे तुम्हाला घेऊन आले होते. बाहेरूनच दाखवलं म्हणाले,” ती म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं; फक्त ऐकून.

संध्याकाळी खासबागेजवळची भेळ खाऊन रंकाळ्यावर गेलो. रंकाळा म्हणजे कोल्हापूरकरांची चौपाटी. पाण्याकाठी संध्यामठ, पलीकडे शालिनी पॅलेस, आणि अलीकडे कणसं, भेळ, आइस्क्रीम आणि घोड्यावर बसण्यासाठी रडणारी मुलं. पण खरी गंमत अंधार पडल्यावर. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईक आलं की गवळी समोरच धार काढतो आणि फेसानं भरलेला पेला हातात देतो. कोमट, धारोष्ण दूध! चिरंजीवांनी आयुष्यात दूध पिशवीतून निघताना पाहिलेलं. त्यांनी आधी म्हशीकडे, मग पेल्याकडे संशयानं पाहिलं आणि डोळे मिटून घोट घेतला. दुसरा पेला त्यांनी आपणहून मागितला. आईच्या हातातही मी पेला दिला. अर्धा पिऊन तिनं सवयीनं तो नातीपुढं केला. “घे, मला पुरे.”

“आजी, माझा वेगळा आहे,” कन्या म्हणाली. आई जरा गोंधळली. उरलेलं अर्धं दूध कुणाला द्यायचं, हे तिला सुचेना. शेवटी तिनंच ते संपवलं.

दुसरा दिवस नव्या राजवाड्याचा. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेली ही काळ्या घडीव दगडाची वास्तू मेजर मँट या इंग्रज वास्तुकारानं रचली. वर आठकोनी घड्याळाचा मनोरा, आत वस्तुसंग्रहालय. तलवारी, शिकारीत मारलेले वाघ, जुनी छायाचित्रं, पोशाख. आणि दरबार हॉलच्या खिडक्यांत रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. मुलांना बाहेरच्या आवारातली हरणंही दिसतात. दोन-अडीच तास सहज जातात, आणि मग पोटात कावळे ओरडू लागतात. कारण दुपारी काय जेवायचं हे कोल्हापुरात आल्यापासून मुलांच्या डोक्यात असतं.

तांबडा आणि पांढरा! मटण शिजवलेल्या अळणी पाण्यातूनच हे दोन सख्खे भाऊ जन्माला येतात. एकाला कांदा-लसणाची चटणी आणि भाजलेलं खोबरं मिळतं, तो तांबडा रस्सा; दुसऱ्याला नारळाचं दूध, खसखस आणि तीळ मिळतात, तो पांढरा. तांबडा दिसतो तापट आणि असतोही तापट. पांढरा दिसायला गरीब. पण आतून मिरी-लवंगांचा असा चिमटा काढतो की बेसावध माणूस उडतो. ताटात सुकं मटण आणि भाकरी, आणि वाढपी रश्शाची भांडी घेऊन पाठीशी उभाच. “वाढू की! वाट्या मोजून जेवायचं गाव न्हवं हे!” चिरंजीवांनी नऊ वाट्या मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं.

आई शाकाहारी. तिच्यासाठी जोंधळ्याची भाकरी, भरली वांगी, झुणका, खर्डा आणि दह्याचं ताट आलं. जेवण उत्तम होतं. पण आईचं लक्ष पानापेक्षा आतल्या दाराकडे. आत किती बायका असतील, त्या कधी जेवत असतील, भाकरी थापायला एक की दोन, अशी चौकशी तिनं वाढप्याकडं केली. “भाकरीचे पैसे द्यायचे, हे काही बरं नाही वाटत,” ती हात धुताना म्हणाली. “भाकरी काय विकायची वस्तू आहे?”

मी मनात म्हटलं, सहल फसली बहुधा. आईला फिरवता येईल, पण बसवता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी एक गाडी ठरवून जोतिबा आणि पन्हाळा केला. वाटेत एका शेतातलं गुऱ्हाळ चालू दिसलं, म्हणून उतरलो. ज्यांना मुलाबाळांसह जायचंय त्यांनी हिवाळ्यात हे चुकवू नये. उसाचा रस भल्या थोरल्या काहिलीत रटरटत असतो; खाली चुलवाणात उसाचीच चिपाडं जळत असतात; रस निवळावा म्हणून रानभेंडीचा चीक घालून मळी काढतात; आणि गुळव्या नुसत्या बोटांच्या चिमटीवरून पाक ओळखतो. पाक वाफ्यात ओतला की घटकाभरात गूळ. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण उसाच्या कांड्यावर घेऊन चाटलेला गरम गूळ खाताना मानांकनाची आठवण कुणाला होत नाही.

जोतिबाच्या डोंगरावर सगळं गुलाबी. पायऱ्या, खांब, पुजारी, कुत्री, आणि पाच मिनिटांत आपणही. ‘चांगभलं’चा गजर ऐकत, गुलाल झटकत आम्ही पन्हाळ्याकडे निघालो.

पन्हाळा कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवर, आणि गाडी थेट वर जाते. त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही पाहता येईल असा हा गड. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून हा नांदता आहे. पुढं ताराराणीची राजधानी इथं होती. कवी मोरोपंतांचा जन्म इथला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांतला हा एक. पण आपल्याला पन्हाळा आठवतो तो १६६० सालासाठी. मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरचा वेढा. शिवाजी महाराज आत अडकलेले. आणि मग ती पावसाळी रात्र. महाराजांचं सोंग घेऊन मरणाच्या पालखीत बसलेला शिवा काशीद, आणि घोडखिंडीत शत्रूला अडवून धरणारे बाजीप्रभू. चिरंजीवांनी हे सगळं आजीला असं सांगितलं, की जणू तेच पालखीबरोबर धावत होते.

तीन दरवाजा पाहिला, अंधारबाव पाहिली. सज्जाकोठीच्या वरच्या मजल्यावरून खालचं खोरं पाहिलं. आई सगळं बघत होती. पण तिची चाल थांबली ती अंबरखान्यापाशी. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन धान्यकोठ्या. एकेक म्हणजे वाडाच. बाहेरून जिना चढून छपरावर जायचं आणि वरच्या भोकांतून धान्य आत ओतायचं, अशी व्यवस्था. आई आत गेली, भिंतीला हात लावून पाहिला, वर बघितलं.

“वेढा किती दिवस होता म्हणालास?”

“चार महिने, आजी.”

“म्हणजे चार महिने आतल्या माणसांना दोन वेळा जेवायला लागलं असणार. रोज किती चुली पेटल्या असतील रे? आणि पावसाळ्यात ओल्या लाकडांवर!” मग जरा थांबून, “कीड लागू नये म्हणून काय घालत असतील? कडुनिंबाचाच पाला.”

इतिहासाच्या पुस्तकात तलवारींचे हिशेब असतात. चुलींचा हिशेब मी पहिल्यांदा ऐकत होतो; आणि तो विचारायला पन्हाळ्यावर जिला यायला हवं होतं, ती चाळीस-बेचाळीस वर्षं उशिरा आली होती.

दीड वाजला होता. तबक उद्यानाच्या अलीकडे झाडाखाली काही बायका चुली मांडून बसतात. झुणका, भाकरी, खर्डा, कांदा आणि मडक्यातलं दही. आम्ही एकीपुढच्या चटईवर बसलो. बाई साठीच्या आतबाहेर; कपाळाला मोठं कुंकू, हातात हिरवा चुडा. परातीत पीठ मळून तिनं भाकरी थापायला घेतली, तशी आई उठायला लागली.

“एकट्या किती कराल? द्या, मी भाजते.”

“बसा की आक्का,” बाई मान वर न करता म्हणाली. “घरात रोज तुमीच थापताय न्हवं? आज माज्या हातची खावा.”

तव्यावरची भाकरी तिनं विस्तवाला लावली, ती टम्म फुगली. बाईनं ती उचलून आईच्या ताटात टाकली. आईनं ताट लगेच नातवाकडे सरकवलं. “आधी मुलांना वाढा.”

“पोरं कुटं पळून जात्यात व्हय? तुमी आधी खावा. गार करू नगा.”

आईनं आमच्याकडे पाहिलं. कुणी काही बोलेना. मग तिनं पापुद्रा मोडला. आतून वाफ आली. झुणक्याबरोबर एक घास, खर्ड्याबरोबर दुसरा. चावता चावता ती थांबली आणि कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाली, “तव्यावरची पहिली भाकरी अशी लागते होय!”

आमच्या घरी पहिली भाकरी आजोबांची असे. मग नानांची, मग आम्हा भावंडांची, मग आल्यागेल्याची. सगळ्यांची ताटं उचलून झाल्यावर आई बसे. तेव्हा चूल विझलेली असे आणि दुरडीत उरलेली असे ती निवालेली, कडा वाळलेली. पन्नास वर्षांत हजारो भाकऱ्या आणि पोळ्या तिनं केल्या, आणि गरम भाकरीची चव तिला सत्तरी ओलांडल्यावर, एका अनोळखी बाईनं दाखवली. मी मान खाली घालून जेवत होतो. मध्येच सौ.कडे नजर गेली. ती आईकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

आईनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. एरवी तिला एक जड होते. मग ताकासारखं पातळ केलेलं दही प्यायली आणि विचारलं, “आणि तुम्ही कधी जेवता?”

“गिऱ्हाईक सरलं की. चार वाजत्यात.”

“कोण करून घालतं?”

“कोन घालनार? आपली आपन.” बाई हसली.

आई उठली. मडक्यातल्या पाण्यानं हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, “सरका बघू जरा.”

सहलीचा एकमेव नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता. पण चिरंजीवांनीसुद्धा तोंड उघडलं नाही. आईनं पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं, पाणी फिरवलं. मागं दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. “थांबा रे बाबांनो, बाई जेवतायत,” आई म्हणाली. आणि ती बाई, आपल्याच चुलीपुढं, आपल्याच चटईवर मांडी घालून, आईच्या हातची गरम भाकरी खाऊ लागली. दोघींना बोलायला काही नव्हतं असं नाही. पण बोलल्या नाहीत.

पैसे देताना आईनं मला बजावलं, “पुरे दे हो. सुटे परत घेऊ नकोस.” भाकरी विकायची वस्तू आहे का, हा प्रश्न त्यानंतर निघाला नाही.

चौथा दिवस नृसिंहवाडी आणि खिद्रापूरचा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुका आहेत. पावसाळ्यात नदी चढली की पाणीच देवळात शिरतं आणि पादुकांवरून दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं; त्या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी माणसं लोटतात. देव पुराचं पाणी घरात घेतो आणि माणसं त्याचा सोहळा करतात, ही कृष्णाकाठची तऱ्हा. इथली बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतल्याशिवाय परतणारा माणूस अजून जन्मायचाय. आईनं बासुंदीची वाटी चमच्यानं निपटून काढली, आणि कुणाला “तुला हवी का?” असं विचारलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

वाडीहून कुरुंदवाडमार्गे तासाभरात खिद्रापूर. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं कोपेश्वराचं देऊळ इथं कृष्णेच्या काठी जवळजवळ निवांत उभं आहे. गाभाऱ्यात महादेव कोपेश्वर आणि त्याच्या जोडीला विष्णू धोपेश्वर. मात्र महादेवापुढं नंदी नाही. सगळ्यांत देखणा तो स्वर्गमंडप. अठ्ठेचाळीस खांबांच्या या मंडपाला मधोमध छतच नाही; एक मोठं गोल भोक आणि त्यातून दिसणारं आभाळ. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र नेमका त्याच्यावर येतो, असं तिथले लोक सांगतात. आम्ही गेलो ते भर दुपारी. मंडपाखालच्या गोल शिळेवर उन्हाचं कवडसं पडलं होतं. आई त्याच्या कडेला बसली आणि बराच वेळ वर बघत राहिली. मुलं हत्ती मोजत प्रदक्षिणा घालत होती. मी घड्याळ पाहिलं. “निघायचं का?”

“बसू दे की जरा,” आई म्हणाली. “घाई कसली? स्वैपाक थोडाच करायचाय!”

वाचकहो, कोल्हापुराला जरूर जा. चार दिवस पुरतात. पाच असले तर दाजीपूरचं जंगल किंवा कणेरी मठावरचं गावगाड्याचं संग्रहालय त्यात बसवा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पन्हाळ्यावर रात्री शाल लागते. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा, आणि सांगूनही दही मागवून ठेवा. पण घरातली जी माणसं वर्षभर तुम्हाला जेवू घालतात, त्यांना विचारून बेत करा. नुसतं सोबत नेऊ नका. त्यांना बसवा, आणि त्यांच्या पानात आधी वाढा. नाहीतर सहल सगळ्यांची होते आणि सुट्टी मात्र काहीजणांचीच.

राहता राहिलं एक. परतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे जेवायला बसलो. सौ. पोळ्या लाटत होती. पहिली पोळी तव्यावरून उतरली आणि सवयीनं माझ्या ताटात आली. आईनं हात लांब करून ती उचलली, एक रिकामं ताट घेतलं, त्यात वाढली आणि माझ्या शेजारी ठेवलं.

“सुनबाई, बसा,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “आणि तू ऊठ. पीठ मळलेलं आहे.”

माझ्या पोळ्या अजून फुगत नाहीत. पण आता आमच्या घरी रविवारची पहिली पोळी सौ. खाते, दुसरी आई खाते. आणि शेवटची, कडा वाळलेली, निवालेली, माझ्या वाट्याला येते. ती कशी लागते, हे आता मलाही कळलं आहे.